पावसाच्या भिंतीला सिमेंट बोर्ड लावताय? आधी एवढं तपासा

सिंधुदुर्ग : पावसाळ्यात घराच्या पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावला तर ती गार, ओली लागते. रंगाचे पापुद्रे सुटतात, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो. कोकणात हे घरोघरी आहे. नैर्ऋत्येकडून येणारा वारा पावसाची झड थेट याच भिंतीवर मारतो. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आंबोलीत त्याच्या दुपटीच्या आसपास. त्यात आपला जांभा चिरा सच्छिद्र. तो पाणी पटकन पितो आणि सावकाश सोडतो.

पूर्वी या बाजूला माडाच्या झावळ्यांची झापं बांधायचे. मग निळं प्लास्टिक आलं, पत्रा आला. आता बरेच जण फायबर सिमेंटचे बोर्ड लावायचा विचार करतात. वस्तू चांगली आहे. पण चुकीची लावली तर भिंत आधीपेक्षा जास्त ओली राहते, आणि बाहेरून ते दिसतही नाही.

आधी ओल कुठून येते ते शोधा

बोर्ड फक्त बाजूने येणारं पाणी अडवतो. ओल जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच असेल, तर ती जोत्यातून वर चढतेय. ओल छताजवळ असेल, तर कौलं, पन्हळ किंवा स्लॅब गळतोय. या दोन्हींवर बोर्ड हा उपाय नाही. पावसाची जोरदार झड आली की पश्चिमेच्या भिंतीवर मधोमध डाग उमटत असतील आणि बाकीच्या भिंती कोरड्या असतील, तरच बोर्डाचा उपयोग.

एक सोपी चाचणी करा. भिंतीला आतून फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा आणि दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला पाणी दिसलं तर ओल भिंतीतून येतेय. प्लास्टिकवर बाहेरून दव असेल तर खोलीतलीच हवा दमट आहे. तिथे खिडकी उघडी ठेवणं हाच उपाय.

जागा असेल तर वळचण दोन फूट पुढे काढून किती खर्च येतो, तेही विचारा. काही घरांचं काम तेवढ्यानेच भागतं.

कोणता बोर्ड घ्यायचा?

सिमेंट, बारीक वाळू किंवा राख आणि लाकडाच्या लगद्याचे तंतू यांपासून हा बोर्ड बनतो. त्याला वाळवी लागत नाही, तो पेट घेत नाही, पत्र्यासारखा गंजत नाही. मात्र तो थोडं पाणी शोषतो. ओला झाला की किंचित फुगतो, वाळला की आकसतो.

भारतीय मानक आयएस 14862 नुसार या बोर्डांचे दोन प्रकार आहेत. टाइप ए बाहेर ऊन-पावसात लावण्यासाठी, टाइप बी घराच्या आत. छताला आणि पार्टिशनला वापरतात तो पातळ, स्वस्त बोर्ड बाहेर लावू नका. बाहेरच्या भिंतीला किमान 8 मिलिमीटर जाडी घ्या.

बोर्डात ॲस्बेस्टॉस नाही, असं बिलावर लिहून घ्या. जुन्या राखाडी सिमेंट पत्र्यांत ते असतं. ॲस्बेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांमुळे कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जुना पत्रा काढायचा असेल तर तोडू नका. पाणी मारून ओला करा आणि अख्खा उतरवा.

खरी गोष्ट बोर्डाच्या मागे आहे

बोर्ड थेट भिंतीला ठोकला, की आत शिरलेलं पाणी तिथेच अडकतं. म्हणून आधी भिंतीवर उभ्या पट्ट्या मारायच्या आणि त्यावर बोर्ड. भिंत आणि बोर्ड यांच्यात साधारण एक इंच मोकळी जागा हवी. ती खाली आणि वर उघडी ठेवायची, म्हणजे वारा खेळतो आणि भिंत वाळते. झापांमधूनही वारा जायचाच. उघड्या तोंडांना बारीक जाळी मारा, नाहीतर उंदीर आणि त्यामागून सापही शिरेल.

कामावर उभं राहून एवढं बघा :

- पट्ट्यांमध्ये दोन फुटांपेक्षा जास्त अंतर नको. साध्या लाकडाला वाळवी लागते, गॅल्व्हनाइज्ड पट्ट्या बऱ्या.
- देवगड, मालवण, वेंगुर्ल्यात किनाऱ्याजवळ घर असेल तर स्टेनलेस स्टीलचे स्क्रू. खाऱ्या वाऱ्यात साधे टिकत नाहीत.
- बोर्ड जमिनीपासून किमान सहा इंच वर. उडणारं पाणी खालची कड खातं.
- दोन बोर्डांत थोडी फट ठेवून ती बाहेरच्या कामाच्या सीलंटने भरायची. बोर्ड एकमेकांना भिडवले तर फुगून तडकतात.
- बोर्ड बसवण्याआधी मागची बाजू आणि कापलेल्या कडा रंगवायच्या. नंतर तिथे हात पोचत नाही.

मातीची भिंत असेल तर स्क्रू धरणार नाही. तिथे जमिनीवर उभा राहणारा वेगळा सांगाडा लागतो.

कापणाऱ्याची काळजी घ्या

ग्राइंडरने बोर्ड कोरडा कापला की सिलिकाची बारीक धूळ उडते. ती वर्षानुवर्षं छातीत गेली तर सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. बोर्ड खाच पाडून मोडावा किंवा पाणी सोडत कापावा. कामगाराला एन 95 मास्क द्या आणि पोरांना लांब ठेवा. कामगार आपल्याच गावातला असतो.

हिशोब कसा मांडाल?

भिंत 20 फूट लांब, 10 फूट उंच धरली तर 200 चौरस फूट झाले. आठ बाय चारचा एक बोर्ड 32 चौरस फुटांचा. म्हणजे सात बोर्ड, तुकडे-तूट धरून आठ. पण नुसत्या बोर्डाचा दर विचारून थांबू नका. पट्ट्या, स्क्रू, सीलंट, रंग, वाहतूक आणि मजुरी वेगवेगळी लिहून मागा. घासाघीस झाली की आधी पट्ट्या आणि मागचा रंग गाळला जातो. तिथे वाचवलेले पैसे पुढे भिंतीवर जातात.

काम दिवाळीनंतर, भिंत पूर्ण वाळल्यावरच काढा. ओल्या भिंतीवर बोर्ड चढवू नका. नंतर दरवर्षी पाऊस संपला की मऊ ब्रशने शेवाळ धुवा, सीलंट सुटलंय का बघा आणि खालच्या जाळीत अडकलेला पालापाचोळा काढा. मागची वाट मोकळी राहिली, तरच पुढच्या पावसात आतली भिंत हाताला कोरडी लागेल.