यादीत कोणता सिनेमा घ्यावा?

बालमित्रांनो, मागच्या शनिवारी मधल्या सुट्टीत चौथीच्या वर्गात मोठा गलका चालला होता. आम्ही आत डोकावलो तर फळ्यावर लिहिले होते, ‘माझे आवडते सिनेमे’. खाली नावांची रांग. एकाने वीस नावे लिहिली, दुसऱ्याने लगेच तीस. एक मुलगी मात्र खडू हातात घेऊन गप्प उभी होती. ती दूरच्या पाड्यावरून येते.

ती हळूच म्हणाली, “बाई, मी तर चारच सिनेमे पाह्यले. मामाच्या घरी, नवापूरला.”

लगेच कोणीतरी ओरडले, “चार नावांची काय यादी असते का!”

असते, मुलांनो. कशी ते आज सांगते.

आधी तीस नावे लिहिणाऱ्या मुलाला विचारले, “पहिल्या नंबरच्या सिनेमाची गोष्ट सांग पाहू.” तो अडखळला. त्याने त्यातली एक मारामारी तेवढी मोबाईलवर पाहिली होती! मग त्या मुलीला विचारले. तिने ‘टिंग्या’ (2008) या मराठी सिनेमाची गोष्ट सांगितली. टिंग्या हा शेतकऱ्याचा मुलगा. त्याचा लाडका बैल बिबट्यासाठी खणलेल्या खड्ड्यात पडून जायबंदी होतो. घरची परिस्थिती ओढग्रस्तीची, म्हणून बाप बैल विकायला निघतो आणि टिंग्या त्याच्यासाठी भांडतो. ज्यांच्या घरी बैल आहेत ती मुले तर कान देऊन ऐकत होती. आता सांगा, खरी यादी कोणाची?

म्हणून पहिला नियम : जो सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला, तोच यादीत घ्यावा. त्याची गोष्ट आपल्या शब्दांत सांगता आली पाहिजे. ऐकलेला, जाहिरातीत पाहिलेला, निम्मा पाहून झोप लागलेला सिनेमा घेऊ नये.

यावर एक हुशार मुलगा म्हणाला, “पण बाई, ‘राजा हरिश्चंद्र’ तर पहिलाच पाहिजे. तो आपल्या देशाचा पहिला सिनेमा!” प्रश्न चांगला आहे. दादासाहेब फाळके हे त्र्यंबकेश्वरचे. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला. त्यात रोहिदासाचे काम फाळक्यांच्या मुलानेच, भालचंद्राने केले होते. परंतु त्या मूकपटाचा काहीच भाग आज पाहायला मिळतो. जो पुरता पाहता येत नाही, त्याला नंबर कसा देणार? त्याच्यासाठी वहीत एक वेगळे पान ठेवा आणि त्यावर लिहा ‘मानाचे पान’. मान देणे वेगळे आणि नंबर देणे वेगळे, बरं का!

असे आणखीही आहेत. 1925 साली कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. सावकारापायी जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची ती गोष्ट. शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. तो मूकपट आज हरवला आहे. त्या काळची फिल्म चटकन पेट घेई आणि नीट न ठेवल्यास कुजूनही जाई. पुढे 1964 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर कितीतरी जुने सिनेमे नाहीसे झाले होते. फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’चा (1919) मात्र बराच भाग वाचला. त्यात बाळकृष्ण झाली होती त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी! म्हणजे काय, तर चांगल्या सिनेमांची कोणतीही यादी पुरी नसते. सापडलेल्या आणि पाहिलेल्या सिनेमांचीच ती असते.

दुसरा नियम : नावापुढे साल लिहावे. एकाच नावाचे दोन सिनेमे असू शकतात. ‘श्यामची आई’ पहा. अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींचे हे पुस्तक. त्यावर आचार्य अत्र्यांनी 1953 साली सिनेमा काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. त्याच नावाचा दुसरा सिनेमा 2023 साली आला. साल न लिहिता ‘श्यामची आई, नंबर 1’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याने कोणता समजावा?

तिसरा नियम : मोठा सिनेमा, छोटा सिनेमा असा भेद करू नये. आपल्या शेजारच्या मालेगावात यंत्रमागांच्या गजबजाटात राहणाऱ्या हौशी मंडळींनी व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ काढला. पैसा थोडा, हौस दांडगी! पुढे त्यांच्या या उद्योगावर इतरांनी सिनेमे काढले. असा सिनेमा तुम्ही पाहिला असेल आणि आवडला असेल, तर खुशाल घ्या. अहिराणीतला असो की हिंदीतला, भाषेनेही अडू नये. मालिका मात्र सिनेमात मिसळू नका, तिची यादी वेगळी करा.

आता वर्गाची मिळून एक यादी करायची असेल तर? इथे खरी गंमत आहे. नुसते हात वर करून मोजले, तर ज्यांच्या घरी टीव्ही आहे त्यांचेच सिनेमे वर येतील. म्हणून पाचपैकी गुण द्यावेत आणि सरासरी काढावी. ज्याने सिनेमा पाहिला नाही, त्याने गुण देऊ नयेत. समजा, एक मारामारीचा सिनेमा 20 मुलांनी पाहिला आणि प्रत्येकाने 3 गुण दिले. बेरीज 60, सरासरी 3. ‘टिंग्या’ 5 मुलांनी पाहिला. चौघांनी 5 गुण दिले, एकाने 4. बेरीज 24, सरासरी 4.8. बेरजेत मारामारी पुढे, पण पाहणाऱ्यांच्या मनात ‘टिंग्या’ पुढे!

परंतु एकट्यानेच पाहिलेल्या सिनेमाला त्याने 5 दिले की तो एकदम पहिला येईल. तेही बरोबर नाही. म्हणून किमान तिघांनी पाहिलेला सिनेमाच वर्गाच्या यादीत घ्यावा. मग एकट्याने पाहिलेल्याचे काय? तो टाकून द्यायचा नाही. त्याची यादी निराळी : ‘आम्हाला पाहायचे आहेत’. त्यातला एखादा शाळेत सर्वांनी मिळून पाहू.

त्या मुलीने फळ्यावर आपली चार नावे सालासकट लिहिली. ‘टिंग्या’ वर्गात तिच्याशिवाय कोणीच पाहिलेला नव्हता, म्हणून तो नव्या यादीत पहिला गेला. तीस नावे लिहिणाऱ्यानेही आपली यादी पुसून पुन्हा लिहिली. ती अकरा नावांची झाली.

तर मुलांनो, तुम्हीही यादी करा. नाव, साल, भाषा आणि ‘मला का आवडला’ याची दोन वाक्ये लिहा. पेन्सिलनेच लिहा, कारण उद्या नवा सिनेमा पाहिला की नंबर बदलतील. ज्यांनी एकच सिनेमा पाहिला असेल, त्यांनी एकच लिहावा. यादी येत्या शनिवारपर्यंत वर्गाच्या बाईंकडे किंवा गुरुजींकडे द्या. पुढच्या अंकात सगळ्या याद्या याच भिंतीवर लावू.