जंतांचा दोष साखरेच्या माथी

‘गोड खाऊ नकोस, पोटात जंत होतील!’ हे न ऐकता मोठं झालेलं मूल मराठी घरात शोधूनही सापडणार नाही. आई म्हणते, आजी म्हणते, शेजारच्या काकूही म्हणतात. लाडवाचा डबा वरच्या फळीवर जातो, मूल स्टूल ओढून तिथंही पोचतं, आणि जंत मात्र भलत्याच वाटेनं येतात. साखरेतून जंत तयार होत नाहीत, हे किती वेळा सांगायचं? गोलकृमी अंड्यातूनच जन्मतो. बाधित माणसाच्या विष्ठेतून ती अंडी मातीत पडतात, दोन-तीन आठवड्यांत संसर्गाला तयार होतात आणि न धुतलेल्या हातांवरून किंवा कच्च्या भाजीतून पोटात जातात. अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायांच्या कातडीतून शिरतात. सूतकृमीची मादी रात्री गुदद्वाराभोवती अंडी घालते. मूल खाजवतं, अंडी नखांत अडकतात आणि तेच बोट तोंडात जातं. या तिन्ही वाटांवर बर्फी कुठंच लागत नाही.

‘गोडानं होत नसतील, पण पोसले तर जातात ना?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. भात-भाकरीतल्या पिष्टाचीही पचनात साखरच होते, त्यामुळे पेढा बंद केल्यानं गोलकृमी उपाशी मरत नाही. अंकुशकृमी तर आतड्याच्या भिंतीतून रक्त शोषतो. शिवाय गोलकृमी पोटात वाढतो, पण त्याची संख्या तिथं वाढत नाही; प्रत्येक जंतामागे एक अंडं बाहेरूनच गिळलेलं असतं. ‘खोटं का असेना, त्या निमित्तानं पोरं गोड कमी खातात,’ असंही म्हटलं जातं. गोड कमी करायला दात किडतात हे खरं कारण पुरेसं आहे. खोट्या कारणानं नुकसान होतं. जमिनीवर पडलेला लाडू फुंकर मारून परत मुलाच्या हातात दिला जातो, आणि पुढं जंत निघाले की ठपका साखरेवर आणि ‘तूच लाडावून ठेवलंस’ म्हणून आईवर येतो. मातीकडे, नखांकडे, उघड्यावरच्या शौचाकडे कुणी पाहत नाही.

आता बाकीचे समज. झोपेत दात खाणं हे जंत झाल्याचं खात्रीचं लक्षण नाही. पुष्कळ मुलांची ती सवय वयाबरोबर आपोआप सुटते. दात येताना होणारे जुलाब दातांमुळे नसतात. त्या वयात बाळ सापडेल ते तोंडात घालतं, म्हणून संसर्ग होतो. जावळ काढल्यानं केस दाट होत नाहीत, कारण केसांची मुळं वस्तऱ्याखाली येतच नाहीत.

मातीतून पसरणाऱ्या जंतांची बाधा जगात सुमारे १५० कोटी लोकांना आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतात २०१५पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. १० फेब्रुवारीला अंगणवाड्यांत आणि शाळांत १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी मोफत मिळते. ‘आमचा मुलगा गोड खातच नाही, त्याला गोळी कशाला?’ म्हणणाऱ्या पालकांनी ती जरूर द्यावी. त्याबरोबर शौचानंतर आणि जेवणाआधी साबणानं हात, कापलेली नखं, पायात चप्पल आणि संडासाचा वापर एवढं सांभाळलं, तर जंतांची वाट खऱ्या अर्थानं अडते.