वाळीत टाकलेले मूल आणि ऐतिहासिक कथा

इंदूरला मराठीच्या वर्गात एका विद्यार्थिनीने ज्ञानदेवांच्या बालपणावर कथा लिहून आणली होती. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, चार भावंडे पैठणला गेली, रेडा वेद बोलला, शुद्धिपत्र मिळाले आणि मुले आनंदाने परत फिरली. कथा सुबक होती. मी तिला एवढेच विचारले, ‘‘कागद मिळाला म्हणजे मूल घरी पोचले का?’’ तिच्याकडे उत्तर नव्हते. तयार उत्तर माझ्याकडेही नव्हते. ते शोधताना जे हाती लागले, ते येथे मांडतो.

पहिली गोष्ट, बहिष्कार म्हणजे नेमके काय, हे कथाकाराला ठाऊक हवे. विठ्ठलपंत संन्यास घेऊन गुरूच्या आज्ञेने पुन्हा संसारात आले, म्हणून निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही ‘संन्याशाची पोरे’ ठरली. मुंज नाकारली की अध्ययन बंद, पंगत बंद, पुढे सोयरीकही बंद. मुक्तेला तर मुंज नव्हतीच; तिच्या वाट्याचे दार विवाहाचे, तेही लागलेले. बहिष्कार एकच, पण चौघांना तो सारखा लागत नाही. ‘लोकांनी त्यांचा छळ केला’ या एका वाक्यात हे मावत नाही.

दुसरी गोष्ट वयाची. जन्म शके ११९३ की ११९७, अशा दोन परंपरा आहेत. ज्ञानेश्वरी नेवाशास शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये झाली. तेव्हा ज्ञानदेव एकोणीस वर्षांचे होते की पंधरा? अभ्यासक दोन्ही शक्यता नोंदवू शकतो. कथाकाराला एक निवडावी लागते आणि पात्राच्या बोलण्या-वागण्यात ती शेवटपर्यंत सांभाळावी लागते.

तिसरी गोष्ट मनाची. ज्ञानेश्वरीत कवीने स्वतःच्या छळाची कहाणी सांगितलेली नाही. मग कथेला आधार कशाचा? मला तो उपमांत दिसतो. आई आणि लेकरू या ग्रंथात पुनःपुन्हा येतात. आईबाप बोबड्या बोलांचे कौतुक करतात, तसे माझे बोल गोड मानून घ्या, असे कवी श्रोत्यांना विनवतो. ज्याचे आईबाप गेले, तो श्रोत्यांनाच आईबाप करतो. हे माझे वाचन आहे, पुरावा नव्हे. पण ऐतिहासिक कथेला अशा वाचनाचा हक्क आहे. पसायदानात तर तो दुष्टांना शिक्षा मागत नाही, त्यांचे वाकडेपण जावे एवढेच मागतो.

चौथी गोष्ट ताटीच्या अभंगांची. परंपरा सांगते, लोकांच्या बोलण्याने दुखावलेल्या ज्ञानदेवांनी खोपटीची ताटी लावून घेतली आणि धाकट्या मुक्तेने समजूत घालून ती उघडवली. ज्याला गावाने दार लावले, त्याने स्वतःच दार लावून घ्यावे आणि जिच्यासाठी एकही दार उघडे नव्हते, तिने ते उघडवावे, यात कथेचा खरा गाभा आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. या भावंडांचे वाळीत असणे एका शुद्धिपत्राने निदान कागदोपत्री तरी संपू शकत होते. चोखोबा आणि सोयराबाईंचा मुलगा कर्ममेळा याला असे पत्र देणारे पीठच नव्हते. त्याच्या अभंगांत देवालाच जाब विचारलेला आहे. दोन्ही दुःखांना ‘बहिष्कृत बालपण’ म्हणून एका मापाने मोजले, तर कर्ममेळ्यावर पुन्हा अन्याय होईल. त्याची कथा वेगळी लिहावी लागेल.

विद्यार्थिनीने शेवट बदलला. नव्या कथेत शुद्धिपत्र मध्यावर येते आणि त्यानेही लोकांची कुजबुज थांबत नाही. अखेरच्या परिच्छेदात मुक्ता बंद ताटीबाहेर उभी आहे आणि आतून हालचाल ऐकू येते. ताटी उघडल्याचे तिने लिहिले नाही. मी तिथे काही सुचवले नाही.