तारेच्या कुंपणातील माणसे

सोलापूर शहराच्या एका भागाला आजही ‘सेटलमेंट’ असे म्हणतात. सेटलमेंट म्हणजे वसाहत. शब्द साधा आहे. परंतु त्यामागील इतिहास साधा नाही. इंग्रजी राजवटीत या वसाहतीभोवती तारेचे कुंपण होते. कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट इत्यादी जमातींची कुटुंबे त्याच्या आत ठेवलेली असत. ज्यांच्यावर कधीही गुन्हा शाबीत झाला नव्हता, अशी बायकामुलेही त्यांत होती.

माणसाला पराधीन करण्याच्या रीती अनेक आहेत. गुलाम हा पैसे मोजून विकत घेतला जाई. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३३ साली झाला आणि हिंदुस्थानात १८४३ साली गुलामगिरीचा कायदेशीर आधार काढून घेण्यात आला. तेव्हा मळेवाल्यांनी करारावर मजूर नेण्याची पद्धत सुरू केली. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर असे हजारो मजूर गेले. त्यांत मराठी माणसेही होती. ‘ॲग्रीमेंट’ या शब्दाचे ‘गिरमिट’ झाले आणि हे मजूर ‘गिरमिटिये’ म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांचे हाल फार झाले. तथापि त्यांच्या कराराला निदान मुदत तरी होती. सोलापूरच्या कुंपणातील माणसांना कोणी विकत घेतले नव्हते, त्यांच्याशी कोणी करारही केला नव्हता. विशिष्ट जमातीत जन्म झाला, एवढेच कारण त्यांच्या बंधनाला पुरेसे होते.

हे कसे घडले? पूर्वी भटक्या जमातींपैकी कोणी टोपल्या व कणग्या विणीत, कोणी बैलांच्या तांड्यांवरून मीठ व धान्य वाहून नेत, तर कोणी शिकारीवर गुजराण करीत. १८६० साली सोलापूरला आगगाडी आली. देशभर अशी रेल्वे पसरली, तसतसा तांड्यांचा व्यापार बसला. जंगलांवर सरकारी निर्बंध आले आणि शिकारही दुरापास्त झाली. एका गावी स्थिर न राहणाऱ्या लोकांविषयी राज्यकर्त्यांना संशय वाटे. धंद्याप्रमाणे गुन्हेगारीही बापाकडून मुलाकडे येते, असा त्यांनी ग्रह करून घेतला. या ग्रहातूनच १८७१ साली ‘गुन्हेगार जमाती कायदा’ जन्माला आला. १९११ च्या सुधारित कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत वाढविली. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली, की त्या निर्णयाविरुद्ध कोणत्याही न्यायालयात दाद मागता येत नसे.

सोलापूर हे गिरण्यांचे शहर. वसाहतीतील स्त्री-पुरुषांना कापडगिरण्यांत कामाला धाडीत. त्यांना मजुरी मिळे. परंतु आपल्या इच्छेने काम सोडून अन्यत्र जाण्याची मोकळीक नव्हती. नावांची नोंद होई, बोटांचे ठसे घेतले जात, ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे. परवानगीवाचून बाहेर राहणे हाच गुन्हा ठरे. सहा वर्षांवरील मुलांना आईबापांपासून दूर करून निराळ्या शाळांत ठेवण्याचा अधिकारही कायद्याने सरकारला दिला होता.

वसाहतीत शाळा होत्या, आणि वर्तन चांगले दिसल्यास कुटुंबाला कुंपणाबाहेरच्या ‘फ्री कॉलनी’त राहावयास मिळे. अधिकारी याला सुधारणा म्हणत. परंतु ज्याने अपराधच केलेला नाही, त्याला सुटकेसाठी आपला चांगुलपणा सिद्ध करावा लागणे, हा न्याय नव्हे. न्यायाची रीत याच्या अगदी उलट आहे: आरोप करणाऱ्याने तो सिद्ध करावयाचा असतो.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९४९ साली हा कायदा रद्द झाला. पुढे ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो साऱ्या देशातून नाहीसा झाला. या जमातींना ‘विमुक्त’, म्हणजे बंधनातून सुटलेल्या, असे म्हणू लागले आणि तो दिवस ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळला जाऊ लागला. पुढे याच समाजांतून लेखक निर्माण झाले. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) व लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही आत्मकथने महाराष्ट्राने वाचली, तेव्हा कायदा गेल्यानंतरही मागे उरलेल्या संशयाची धग त्याला कळली.

कुंपणाच्या तारा एका दिवसात तोडता येतात. मनातील कुंपण मात्र तसे तुटत नाही. गावात चोरी झाली, की पुरावा शोधण्याआधीच एखाद्या पालाकडे बोट दाखविले जाते. हे बोट जोवर खाली येत नाही, तोवर १८७१ चा तो कायदा पुरता रद्द झाला, असे म्हणता येणार नाही.