वाट दाखवणारे यंत्र : घ्यावे कोणते आणि भरवसा ठेवावा किती?



पूर्वी परगावी लग्नाला किंवा सोयरीक पाहायला निघाले, की फाट्यावर गाडी थांबवायची आणि चहाच्या टपरीवर विचारायचे, "दादा, वाडीला कुठनं जायचं?" उत्तर मिळे, "सरळ जावा, वडाचं झाड लागलं की डाव्या अंगाला वळा." झाड सापडे, वाडीही सापडे. आता पुष्कळांच्या दारात पिकअप, जुनी जीप किंवा हप्त्यावर घेतलेली लहान मोटार उभी असते. कांदा पिंपळगाव बसवंतला, भाजी वाशीच्या बाजारात, घरातल्या वडीलधाऱ्यांना तपासणीसाठी जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचे असते. यातला बराच प्रवास रात्रीचा. तेव्हा टपरी बंद असते आणि विचारायला रस्त्यावर माणूस नसतो.

म्हणूनच शिवारफेरीत हल्ली बियाण्याच्या प्रश्नाबरोबर आणखी एक प्रश्न येतो : "साहेब, गाडीला जीपीएस घ्यायचा आहे. स्वस्तातला कोणता घ्यावा?" प्रश्न पैशाचा आहे तसा जिवाचाही आहे. तेव्हा दोन्ही अंगांनी विचार करू.

यंत्राला वाट कशी कळते?

पुष्कळांची समजूत अशी, की वरचा उपग्रह आपली गाडी पाहतो आणि रस्ता सांगतो. तसे नाही. अमेरिकेच्या जीपीएस योजनेचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. त्यांच्याकडून अचूक वेळेचा आणि स्वतःच्या जागेचा संदेश अखंड येत असतो. आपले यंत्र तो फक्त ऐकते. निदान चार उपग्रहांचे संदेश आले, की कोणता किती उशिरा पोचला यावरून यंत्र आपली जागा स्वतःच काढते. रेडिओ ऐकायला आकाशवाणीला फोन करावा लागत नाही, तसाच हा प्रकार आहे. म्हणून जागा समजण्यासाठी सिमकार्ड लागत नाही, महिन्याचे भाडेही लागत नाही. 'उपग्रहाची वर्गणी' म्हणून कोणी पैसे मागू लागला, तर त्या दुकानाची पायरी उतरा.

मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीचा संदेश मुद्दाम ढोबळ ठेवत असे. ते बंधन उठले आणि ही सोय घरोघरी उपयोगी पडू लागली. आज रशिया, युरोप आणि चीन यांचेही असे उपग्रह आहेत. आपल्या 'इस्रो'ने २०१३ पासून स्वतःची 'नाविक' योजना उभारली. मे २०२३ मध्ये सोडलेल्या तिच्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून मोबाईलमध्ये सर्रास चालणाऱ्या एल-१ या लहरीवरही संदेश देण्याची सोय झाली. जे यंत्र अनेक देशांचे उपग्रह ऐकते, त्याला घाटात आणि झाडीत जागा लवकर सापडते. मात्र डब्यावर 'नाविक' छापले आहे एवढ्यावरून जादा पैसे मोजू नका. चाचणी घ्या. ती कशी घ्यायची ते पुढे सांगतो.

एक गोष्ट मनात पक्की करा. जागा उपग्रहामुळे कळते, रस्ता नकाशातून कळतो आणि पुढे वाहनांची कोंडी आहे का, ही ताजी खबर इंटरनेटवरून येते. या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. रेंज गेली म्हणजे जागा कळणे बंद होते असे नाही. नकाशा यंत्रात आधीच भरून ठेवलेला नसला, तर मात्र कोऱ्या पडद्यावर नुसता ठिपका दिसतो.

घेण्यासारखे तीन प्रकार

पहिला प्रकार घरातलाच मोबाईल. त्याला काचेजवळ बसवायचा एक मजबूत स्टँड आणि गाडीतला चांगला चार्जर एवढेच घ्यावे लागते. काही शेकड्यांत काम भागते. गूगलच्या नकाशात आपला जिल्हा आणि जायचा मार्ग आधी उतरवून ठेवता येतो. ऑस्मअँड आणि ऑरगॅनिक मॅप्स ही अॅप्स ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून तयार केलेल्या नकाशावर चालतात आणि इंटरनेटशिवाय रस्ता दाखवतात. मॅपल्स हे आपल्या देशातील कंपनीचे अॅपही आहे. दोन अॅप ठेवावीत. एकाचा रस्ता दुसऱ्यावर पडताळता येतो.

दुसरा प्रकार फक्त वाट दाखवणारे स्वतंत्र यंत्र. नकाशा त्यातच भरलेला असतो, मध्येच फोन वाजून पडदा झाकला जात नाही. पण किंमत काही हजारांच्या घरात जाते आणि नकाशा जुना झाला की यंत्र निम्मे निकामी होते. जुन्या बाजारात असे यंत्र स्वस्तात मिळते, तिथे जपून राहा. नकाशा कोणत्या सालचा आहे, नवा मिळतो का आणि फुकट मिळतो की पैशाने, हे विचारा. आणखी एक खूण सांगतो. जीपीएसच्या संदेशातला आठवड्यांचा आकडा १,०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो. तसा तो ६ एप्रिल २०१९ रोजी आला. ज्या जुन्या यंत्रांना कंपनीने दुरुस्ती दिली नाही, त्यांतली काही तेव्हापासून चुकीची तारीख दाखवू लागली. म्हणून जुने यंत्र हातात घेतले, की आधी त्यावरची तारीख बघा.

तिसरा प्रकार म्हणजे टेपच्या जागी बसवायचा मोठा पडदा. दिसायला तो झोकदार, गाणीही वाजतात. पण तोही काही हजारांचा, शिवाय गाडीच्या वायरी कापाव्या लागतात. काम कच्चे झाले तर बॅटरी उतरते, प्रसंगी वायर जळते. नवी गाडी वॉरंटीत असेल तर वायरीला हात लावण्याआधी शोरूममध्ये विचारा.

गाडी कुठे आहे हे मालकाला कळवणारे यंत्र या तिन्हींहून निराळे. त्यात सिमकार्ड असते, पण ते चालकाला रस्ता दाखवत नाही. प्रवासी वाहतुकीच्या बस-टॅक्सीला ते नियमाने लागते, घरच्या मोटारीला नाही. नावात जीपीएस आहे म्हणून एकाऐवजी दुसरे गळ्यात पडते, म्हणून सांगितले.

माझा सल्ला विचाराल, तर बहुतेक शेतकरी कुटुंबांना पहिला प्रकार पुरे. वाचलेल्या पैशांत गाडीचे टायर आणि वायपर नीट करून घ्या. आठवड्यातून दोन-तीनदा दूरच्या बाजारात माल जात असेल, चालक पगारी असेल आणि घरचा मोबाईल त्याच्याकडे देणे जमत नसेल, तरच स्वतंत्र यंत्राचा किंवा दुसऱ्या साध्या मोबाईलचा विचार करावा.

पैसे देण्यापूर्वी चाचणी घ्या

बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. इथेही तसेच करा.

१. यंत्र दुकानाबाहेर उघड्या आकाशाखाली आणा. इंटरनेट बंद करा. जागा सापडायला अर्ध्या मिनिटापासून दोन-तीन मिनिटे लागली तर घाबरू नका. उपग्रहाचा जागेबाबतचा संदेश हळू येतो. एक पूर्ण ऐकायलाच अर्धा मिनिट लागतो. इंटरनेट चालू असले, की फोन तीच माहिती झटकन मागवून घेतो. पण दहा मिनिटे नुसते चाक फिरत राहिले, तर यंत्र परत करा.

२. इंटरनेट बंद ठेवूनच गाडीतून दोन-चार किलोमीटर जाऊन या. ठिपका गाडीबरोबर चालतो का आणि वळण वेळेवर सांगतो का, ते पाहा.

३. आवाज मराठीत किंवा निदान हिंदीत स्पष्ट येतो का, गाडीच्या घरघरीत ऐकू येतो का, हे चालकानेच ऐकावे.

४. पडदा भर दुपारच्या उन्हात वाचता येतो का, ते पाहा.

५. आपल्या गावाचे नाव घालून बघा. गाव, वस्ती आणि गावाचा रस्ता नकाशात नसेल, तर तो नकाशा आपल्या कामाचा नाही.

उन्हाळ्यात काचेमागे ठेवलेला मोबाईल तापून बंद पडतो. उभ्या गाडीत तो ठेवू नका. स्टँड काचेच्या मधोमध न लावता खालच्या कोपऱ्यात लावा, म्हणजे समोरचा रस्ता झाकला जाणार नाही.

नाव एक, गावे अनेक

आपल्या राज्यात एका नावाची गावे किती! कर्जत रायगडमध्ये आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे. खेड पुण्यात आणि रत्नागिरीत, मालेगाव नाशिकमध्ये आणि वाशीममध्ये, कळंब धाराशिवमध्ये आणि यवतमाळमध्ये. वडगाव, पिंपळगाव यांची तर गणतीच नको. नुसते नाव घालून निघालात, तर यंत्र प्रामाणिकपणे भलत्याच गावी नेईल. म्हणून नावाबरोबर तालुका आणि जिल्हा घाला आणि निघण्यापूर्वी पडद्यावरचे एकूण अंतर वाचा. ऐंशी किलोमीटरच्या गावाला तीनशे दिसले, की चूक तिथेच कळते.

स्वतःच्या वस्तीची खूणही नकाशात जपून ठेवा. टपाल खात्याने २०२५ साली 'डिजिपिन' नावाची पद्धत आणली. तिच्यात देशातल्या सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांची खूण आहे. गूगलच्या नकाशातला 'प्लस कोड'ही तसाच उपयोगी. आपल्या घराची खूण कागदावर लिहून दाराजवळ भिंतीवर चिकटवा आणि घरातल्या मुलांना व सुनांना वाचायला शिकवा. रात्री-अपरात्री १०८ ची रुग्णवाहिका बोलवायची वेळ आली, तर फाट्याचे नाव, देवळाची खूण आणि कोणता माणूस फाट्यावर बॅटरी घेऊन उभा राहणार, हेही सांगावे. खूण आणि माणूस दोन्ही असले, की गाडी चुकत नाही.

पाणी आणि पूल

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक मोटार अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री पाण्यात गेली. रस्ता नकाशात होता, पण तिथला पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. दोघे पोहून बाहेर आले, चालक बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेच्या पुलावरून एक मोटार खाली कोसळली आणि तिघे गेले. पुलाचा पुढचा भाग पुरात वाहून गेला होता. नकाशावर पूल शाबूत होता.

धरण कधी भरले, फरशीवरून पाणी कधी गेले, गावाने रस्ता कधी खोदला, हे उपग्रहाला कळत नाही. नकाशाला कोणी कळवले तरच कळते. म्हणून घरात पुढील नियम ठरवून टाका :

पावसाळ्यात रात्री यंत्राने दाखवलेली आडवाट घेऊ नये. दहा किलोमीटर जास्त पडले तरी मोठा रस्ता धरावा.

फरशीवरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नये. पाणी गढूळ असते, खाली फरशी आहे की खड्डा, हे वरून दिसत नाही.

रस्ता अरुंद होत चालला, डांबर संपले किंवा समोर दगड-काट्या आडव्या ठेवलेल्या दिसल्या, तर थांबावे, उतरून पाहावे आणि मागे फिरावे.

भरलेल्या गाडीला दुप्पट जपावे. साधे अॅप रस्ता मोटारीचा दाखवते. कडब्याची उंची किंवा उसाचे वजन ते विचारत नाही. रेल्वेखालचा बोगदा आणि जुना अरुंद पूल आपणच लक्षात ठेवायचा.

मोठ्या रस्त्यावरही यंत्राच्या मर्यादा आहेत. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या मोबाईलची चूक पाच मीटरच्या आसपास असते. त्यामुळे गाडी उड्डाणपुलावर आहे की खालच्या रस्त्यावर, याचा त्याला घोटाळा होतो. बोगद्यात तर संदेश पोचतच नाही. अशा वेळी पाटी वाचावी, यंत्राकडे पाहू नये.

कायदा आणि बांधाचा वाद

१ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार गाडी चालवताना मोबाईलचा उपयोग फक्त रस्ता पाहण्यापुरता आणि लक्ष विचलित न होता करता येतो. फोन हातात धरून चालवणे धोक्याचे आहे आणि दंडालाही पात्र आहे. ठिकाण निघण्यापूर्वी घाला. बदलायचे असेल तर गाडी बाजूला घ्या. शेजारी कारभारीण किंवा शिकलेला मुलगा बसला असेल, तर पडदा त्यांच्याकडे द्या आणि चालकाने रस्त्याकडे पाहावे.

शेवटी शेतीतली एक गोष्ट. याच मोबाईलने शेताभोवती फिरून क्षेत्र मोजणारे पुष्कळ आहेत. खत-बियाण्याच्या अंदाजाला ते ठीक. पण हिशेब करून पाहा : एक एकराच्या चौरस शेताची बाजू सुमारे ६३.६ मीटर. प्रत्येक बाजूत तीन मीटरची चूक झाली, तर क्षेत्र पावणेचार गुंठ्यांहून जास्त चुकते. एवढ्यावर भाऊबंदांत बांधाचा तंटा उभा करू नका. हद्दीसाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच खरी.

'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' असे आपल्याकडे म्हणतात. यंत्राचेही असेच ऐकावे. अनोळखी मुलखात ते चांगला सोबती आहे आणि थोड्या पैशांत मिळते. पण फाट्यावर माणूस दिसला, तर काच खाली करून विचारायला लाजू नका. कालच्या पावसात पलीकडचा ओढा चढला का, हे त्यालाच ठाऊक असते.