मोहरीचा झणका आणि जमिनींतील बुरशी

मोहरीचा अखंड दाणा नाकाशीं धरला तर वास येत नाहीं. तोच वाटून पाण्यांत फेसला कीं डोळ्यांस पाणी आणणारा झणका उठतो. लोणच्याची मोहरी फेसणाऱ्या प्रत्येक गृहिणीस हें ठाऊक आहे. शेतकऱ्यानें मात्र त्याचा विचार केलेला आमच्या फारसा पाहण्यांत नाहीं.

मोहरीच्या दाण्यांत, पानांत व मुळांत सिनिग्रिन नांवाचें गंधकयुक्त द्रव्य असतें. तें फोडणारें मायरोसिनेज नांवाचें विकर निसर्गानें त्यापासून अलग ठेविलें आहे. किडीनें पान कुरतडलें, कीं पेशी फुटून दोहोंची पाण्यांत गांठ पडते. मग सिनिग्रिनांतील साखर सुटी होते आणि उरल्या भागाचें अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट हें उडून जाणारें तिखट तेल बनतें. हें तेल बुरशी व जिवाणू यांच्या प्रथिनांस चिकटून त्यांचें कार्य बंद पाडतें. लसणीचा प्रकार असाच. ठेचलेल्या लसणींतून अ‍ॅलिसिन हें जंतुनाशक द्रव्य कॅव्हालिटो व बेली यांनीं १९४४ सालीं अमेरिकेंत वेगळें काढिलें. अखंड पाकळींत तें जवळजवळ नसतेंच.

फोडणींतली मोहरी झणकत नाहीं, कारण तापल्या तेलांत विकर निकामी होतें. तेव्हां फार तापवून तेल काढलेली पेंड खत म्हणून खुशाल घ्यावी. बुरशीवरील औषध म्हणून तिला जादा दाम मोजणें आम्हांस व्यर्थ वाटतें.

ऑस्ट्रेलियांत कर्कगार्ड व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं, मोहरीवर्गीय पिकें गाडून रोग हटविण्याच्या या रीतीस ‘जैविक धुरी’ अशा अर्थाचें नांव दिलें. पीक फुलावर असतां, शेंगा धरण्यापूर्वीं कापावें. जितकें बारीक चिरडेल तितक्या पेशी अधिक फुटतात. लागलीच ओल्या जमिनींत गाडून वर फळी फिरवावी, म्हणजे धुरी कोंडून राहते. कापून दोन दिवस वाळत ठेविल्यास हातीं केवळ हिरवळीचें खत लागेल, आणि मजुरी मात्र तेवढीच पडेल.

याने मर रोग समूळ जातो असें सांगणारे भेटतात. त्यांचें ऐकूं नये. जमिनींतील जिवाणू हें तेल थोड्याच दिवसांत मोडून टाकतात, शिवाय उपकारक बुरशीसहि त्याची झळ लागते. कोबी, फुलकोबी ज्या शेतांत घ्यावयाची तेथें मोहरी नकोच. दोहोंचे रोग व कीड एकच. इतर पिकांसाठींहि गाडल्यावर दोन-तीन आठवडे थांबून मगच पेरावें, कारण तोच झणका नव्या कोंबास बाधतो. प्रथम वर्षीं चार गुंठ्यांवरच करून पाहावें, आणि शेजारचे चार गुंठे तुलनेसाठीं तसेच राखावे.