धाराशिवची पळती

धाराशिव जिल्ह्याचं नाव बाहेर निघतं ते दुष्काळासाठी, सोयाबीनच्या भावासाठी, नाहीतर तुळजाभवानीच्या नवरात्रासाठी. गेल्या वीसेक वर्षांत मात्र पेपरच्या खेळाच्या पानावर ते वेगळ्याच कारणानं दिसू लागलं. महाराष्ट्राच्या मुलींच्या खो-खो संघाची यादी आली की एखाद्या नावापुढे कंसात ‘उस्मानाबाद’ असायचं. २०२३ नंतर तिथं ‘धाराशिव’ आलं. मुंबई, पुणे, ठाणे, सांगली ही खो-खोची जुनी ठाणी. त्यांच्या रांगेत हा जिल्हा कसा जाऊन बसला, हे शोधत गेलं की डॉ. चंद्रजित जाधव या प्रशिक्षकांचं नाव टाळता येत नाही.

जिल्ह्यातल्या बेंबळीसारख्या गावात शाळेत कोणता खेळ चालणार, हे बरंचसं खिशावर ठरतं. क्रिकेटचं साहित्य परवडत नाही, फुटबॉलचं वेड राहिलं कोल्हापूरच्या तालमींकडे. खो-खोला दोन खांब, फक्की मारायला चुना आणि सपाट जागा पुरते. त्यातली सपाट जागा हीच खरी अडचण. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात पायाला किलोकिलोनं चिकटते. मुरूम टाका, पाणी मारा, रोलर फिरवा, तेव्हा कुठं मुलगी गुडघे न फोडता सूर मारू शकते. हे मैदान करून घेणं हे प्रशिक्षकाचं पहिलं काम, आणि त्याचे गुण कुठल्याच गुणतक्त्यावर लागत नाहीत.

खेळ लहानपणी सगळ्यांनी खेळलेला असतो, म्हणून सोपा वाटतो. पाठलाग करणारीनं एकदा दिशा धरली की खांब ओलांडल्याशिवाय तिला ती बदलता येत नाही. पळणारीला मात्र सगळं रान मोकळं. बसलेल्यांच्या मधून हवी तशी आरपार. हा अन्याय भरून काढायचा तो ‘खो’नं. खो अर्धा क्षण आधी दिला तर पळणारी सावध होते, उशिरा दिला तर ती निसटते. नऊ मिनिटांच्या डावात एखादीनं एकटीनं अडीच मिनिटं संरक्षण केलं, तर सामना तिथंच फिरतो. वर्षानुवर्षं घोटून घ्यावं लागतं ते हेच: नजर कुठं, खांद्याची हूल कधी, श्वास कुठं राखायचा. हे शिकवायला दहा वर्षं लागतात, आणि नेमकी हीच वर्षं मुलीच्या घरात सगळ्यात ओढाताणीची असतात.

याचं उदाहरण म्हणजे जाधव यांची शिष्या सारिका काळे. ती तेरा वर्षांची असताना मामांचं बोट धरून मैदानावर आली, साधारण २००६ ची गोष्ट. वडिलांना शारीरिक मर्यादा, आई शिवणकाम करायची, घर चालायचं ते आजी-आजोबांच्या कमाईवर. जवळपास दहा वर्षं दिवसातून एकदाच जेवण मिळायचं, शिबिराला किंवा स्पर्धेला गेल्यावर काय तो खुराक, हे तिनंच पुढे सांगितलं. हा तपशील मला तिच्या सगळ्या पदकांपेक्षा जड वाटतो. एका वेळच्या जेवणावर कुणी अडीच मिनिटं पळून दाखवावं!

फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खो पहिल्यांदाच आला. भारतीय महिला संघानं सुवर्ण जिंकलं, कर्णधार सारिका. आणि त्याच वर्षी घरच्या आर्थिक ओढगस्तीला कंटाळून तिनं खेळ सोडायचं ठरवलं होतं. देशाची कर्णधार, सुवर्णपदक गळ्यात, आणि हातात काही नाही. जाधव सरांनी तिची समजूत घातली, ती परत मैदानावर आली. तिच्या आयुष्याला तिथंच वळण मिळालं, असं सरांनी नंतर पत्रकारांना सांगितलं. पुढे तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकाऱ्याची नोकरी लागली, आणि २९ ऑगस्ट २०२० ला अर्जुन पुरस्कार. करोनामुळे तो सोहळा दूरदृश्य पद्धतीनं झाला. शोभा नारायण यांच्या १९९८ च्या पुरस्कारानंतर खो-खोला अर्जुन मिळाला तो थेट बावीस वर्षांनी. एवढा काळ हा खेळ दिल्लीला दिसतच नव्हता, तर जिल्ह्यातला प्रशिक्षक कुठून दिसणार?

जाधव यांच्या हातात नुसती शिट्टी राहिली नाही. राज्य संघटनेत आणि पुढे भारतीय खो-खो महासंघाच्या सहसचिवपदापर्यंत ते गेले. प्रशिक्षकानं खुर्चीकडे जावं का, असा प्रश्न शहरात बसून विचारणं सोपं आहे. लहान जिल्ह्यात मात्र मैदान आखणारा, प्रवासाचं जमवणारा आणि बैठकीत आपल्या मुलींसाठी भांडणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो.

शालेय प्रशिक्षक म्हटलं की मराठी माणसाला रमाकांत आचरेकर आठवतात, आणि ते बरोबरच आहे. शारदाश्रमच्या दोन पोरांनी १९८८ मध्ये ६६४ धावांची भागीदारी केली, आचरेकरांना १९९० चा द्रोणाचार्य मिळाला, डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर त्यांचं स्मारकही झालं. पण आचरेकरांच्या पोरांपुढे क्रिकेटचा पैसा आणि प्रसिद्धी उभी होती. खो-खोच्या मुलीला दाखवायला प्रशिक्षकाकडे असतं काय? शासकीय नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण. ‘प्रमाणपत्र जपून ठेव’ हे वाक्य म्हणूनच सरावाइतकंच महत्त्वाचं ठरतं.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. महिला संघानं अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. जुन्या लोकांना हा आकडा चमत्कारिक वाटला असेल, पण या स्पर्धेत एक गडी बाद केला की दोन गुण मिळत होते. प्रशिक्षक सुमित भाटिया होते, आणि संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. म्हणजे सारिकावरच ही गोष्ट संपली नाही. एका अपवादापेक्षा दुसरं नाव येणं मला जास्त मोलाचं वाटतं.

तो विश्वचषक बंदिस्त स्टेडियममध्ये, मॅटवर खेळला गेला. मॅटवर बूट लागतात, वळताना पाऊल वेगळं पडतं, सूर मारताना अंग घसरतं तेही वेगळं. मुरमावर अनवाणी शिकलेल्या मुलीला हे सगळं नव्यानं शिकावं लागतं. खेड्यातल्या शाळेच्या खर्चाच्या यादीत आजवर चुना होता. मॅट त्या यादीत कुणाच्या पैशानं यायची, हे अजून ठरायचं आहे.